कोयीचं झाड कुणाचं?

आषाढाच्या तोंडावर सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी बारामती, लासुर्णे करत निरवांगीला मुक्काम करते आणि मग अकलूजकडे वळते. इंदापूर तालुक्यातलं हे नीराकाठचं गाव. याच दिवसांत या भागातल्या घरांच्या परसात, उकिरड्याच्या कडेला, न्हाणीचं पाणी मुरतं तिथे, आंब्याच्या कोयी फुटलेल्या दिसतात. उन्हाळ्यात रस काढून भिरकावलेल्या. आधी कोयीची शीर उकलते, मग बोटभर कोंब वर येतो आणि त्याच्या टोकाला तांबूस, लिबलिबीत पानांचा झुबका मान खाली घालून लोंबत राहतो. पोरं तो कोंब उपटतात, आतली दळं दगडावर घासतात आणि पिपाणी वाजवत गावभर हिंडतात. त्यांच्या हातून वाचलेल्या एखाद्या रोपाला घरातलं म्हातारं माणूस आळं करून देतं आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीचे काटे रोवतं.

त्या रोपाला आंबा कोणता लागणार? खाल्ला होता केशर, तेव्हा केशरच, असं सुट्टीला आलेला नातू म्हणेल. आजोबा म्हणणार नाहीत. कोयीचं झाड आपल्या मनाचं असतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता ‘पेरावं तसं उगवतं’ ही म्हण घ्या. मराठी माणसाच्या कर्मसिद्धान्ताचं निम्मं ओझं ती एकटी वाहते. कीर्तनकार ती सांगतो, सासू सुनेला सुनावते, सून ती सासूबद्दल मनातल्या मनात म्हणते आणि बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू तीच एकमेकांवर फेकतात. बी शुद्ध असेल तर फळही चांगलं येणार, हा विचार तुकोबांच्या अभंगातूनही घरोघरी पोचलेला आहे. केशरची कोय पेरून केशर येत नसेल, तर या म्हणीवर रचलेल्या एवढ्या मोठ्या सिद्धान्ताचं काय करायचं?

पहिली गोष्ट, ही म्हण ज्वारीच्या रानातली आहे. तिथे ती खरी आहे. ज्वारीचं फूल बहुतांशी आपल्याच परागावर फळतं, त्यामुळे कणीस आईच्या वळणावर जातं. मोहोळच्या केंद्रात मागच्या शतकात निवडून काढलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीला पेरली जाते. खळ्यावर भरदार कणसं बाजूला काढून पुढच्या वर्षाच्या बियाण्याला ठेवायची, ही रीत त्याच भरवशावर चालत आली. आंब्याचं तसं नाही. मोहरावर घोंगावणाऱ्या माश्या कुठल्या बांधावरच्या झाडाचा पराग आणून टाकतील याचा नेम नाही. केशर, हापूस यांच्या कोयीत गर्भ एकच असतो आणि तो अशा दोन झाडांच्या मेळातून झालेला असतो. त्यातली आई माहीत असते, बाप बहुधा नसतो. पश्चिम किनाऱ्यावर काही जाती अशाही आहेत की एका कोयीतून तीन-चार कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. देशावरच्या परसात मात्र कोयीतून येतो तो रायवळ.

आणि रायवळाला नाव लावतात ते फळ लागल्यावर. पाच-सात वर्षं, कधी दहा वर्षं थांबायचं, पहिला आंबा चाखायचा आणि मग ठरवायचं: चवीला शेपूची झाक असली तर शेप्या, गर खोबऱ्यासारखा घट्ट असला तर खोबऱ्या, गोड निघाला तर साखऱ्या, लांबट असला तर केळ्या. काहींच्या नशिबी आमट्या हे नाव येतं आणि ते झाड लोणच्यासाठी राखलं जातं. माणसाचं नाव बाराव्या दिवशी ठरतं, रायवळाचं त्याच्या फळावरून. कर्मसिद्धान्ताला खरं तर हीच रीत अधिक शोभली असती.

निरवांगीच्या आजूबाजूच्या शिवारात मात्र ज्वारीपेक्षा ऊस अधिक आणि उसाला तर ही म्हण लागूच पडत नाही. ऊस पेरत नाहीत, लावतात. बेण्याची दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबायची, की प्रत्येक डोळ्यातून तोच ऊस पुन्हा उभा राहतो. या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या को ८६०३२ या वाणाला महाराष्ट्रात ‘नीरा’ म्हणतात. लाखो टिपऱ्या, पण मुळात एकच रोप. वेदान्त्याला दृष्टान्त म्हणून आवडावं असं हे चित्र आहे. गंमत अशी की तो पहिला ऊस मात्र बियातूनच जन्मला. उसाच्या तुऱ्यात धुळीएवढं बी असतं आणि ते रुजतं, हे शास्त्रज्ञांना नीट पटलं ते १८८०च्या दशकात, जावा आणि बार्बाडोस इथे. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं आणि तिथे उसाची लग्नं लावायला सुरुवात झाली. ‘नीरा’ ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांची संतती. नवं काही हवं असेल तर बियाकडे जावं लागतं. आहे ते टिकवायचं असेल तर टिपरी बरी.

पुण्यात गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा नावाच्या उद्यानतज्ज्ञाने हे आयुष्यभर करून दाखवलं. त्यांची रीत सांगायला सोपी, करायला जिकिरीची: बिया पेरायच्या, रोपं वाढवायची, फळं लागेपर्यंत वाट पाहायची आणि शेकड्यांतलं एखादं झाड निवडायचं. लखनौहून आलेल्या बियांच्या रोपांतून १९२७ साली त्यांनी एक पेरू निवडला. तोच लखनौ-४९, पुढे ‘सरदार’. आळंदी नावाच्या डाळिंबाचे दाणे लालबुंद, रस गोड, पण आतलं बी दातांची परीक्षा पाहणारं. त्याच आळंदीच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांत १९३६ साली चीमांना मऊ बियांचं एक झाड सापडलं. १९७०मध्ये त्याचं नाव ‘गणेश’ ठेवलं गेलं. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेशचा गुल-ए-शाह रेडशी संकर झाला आणि त्या वंशातून ‘भगवा’ आला. इंदापूर-बारामतीच्या डाळिंब बागायतदारांचे बंगले त्या भगव्याने बांधले आणि तेल्या रोगाने काहींच्या बागा उपटायलाही लावल्या. गुटी कलमांची बाग म्हणजे सगळी झाडं एका रक्ताची. एकावर जे संकट येतं ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं.

तेव्हा पेरलं आळंदी, उगवला गणेश. हा गणेश त्या बीमध्ये आधीपासून होता की नव्याने झाला?

आपल्याकडच्या दर्शनांनी हा वाद शतकानुशतकं घातला. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं. तिळात तेल असतं म्हणून ते निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, तसं असेल तर घडवण्याचे कष्ट कशाला? जे निर्माण होतं ते नव्यानेच होतं. चीमांच्या रोपवाटिकेत दोघांनाही थोडी माघार घ्यावी लागली असती. मऊ बीचं कारण ठरणारे घटक झाडांच्या वंशात विखुरलेले असणारच, शून्यातून काही आलं नाही. पण ते ज्या मेळाने एकत्र आले तो मेळ त्याआधी कुठल्याच झाडात नव्हता. तिळाचा दृष्टान्त इथे अपुरा पडतो, कारण तेल काढण्यात नशिबाचा भाग नसतो.

छांदोग्य उपनिषदातले उद्दालक आरुणी या बाबतीत अधिक सावध वाटतात. मुलाला, श्वेतकेतूला, ते वडाचं फळ आणायला सांगतात. फोड म्हणतात. आत काय दिसतं? बारीक बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. ज्या सूक्ष्माला तू पाहू शकत नाहीस त्यातून हा एवढा वड उभा आहे, असं ते सांगतात आणि तेच तू आहेस, इथवर त्याला नेतात. या संवादाची थोरवी अशी की बाप आधी मुलाच्या हातून फळ फोडून घेतो, मग बोलतो. वडाच्या त्या फळात बिया धरतात त्या सुईच्या अग्राएवढ्या एका कीटकाच्या येण्याजाण्यावर, हे श्वेतकेतूने पाहिलं असतं तर उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं नसतं; पण उद्दालकांचा मुद्दा त्याने ढळत नाही. बीमध्ये छोटासा वड लपून बसलेला आहे असं ते कुठेही म्हणत नाहीत.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाला ही सावधगिरी नाही. संतती बीजाची की क्षेत्राची, म्हणजे पुरुषाची की स्त्रीची, हा तिथला खल. निकाल असा की गुण बीजाचे; एक पेरलं आणि दुसरंच उगवलं असं होत नाही. दाखले भात, मूग, तीळ, लसूण, ऊस यांचे. आंबा त्यात नाही, आणि ते सोयीचंच झालं. मालकीचा प्रश्न आला की मात्र पारडं उलट्या बाजूला झुकतं: पुराने किंवा वाऱ्याने वाहून आलेलं बी ज्याच्या शेतात रुजेल, पीक त्याचं. बांधावरच्या रायवळावरून दोन भावकींत दावा लागला तर तालुक्याचे वकील या तत्त्वावर आजही तासभर बोलू शकतील.

याच बीजाच्या तर्कावर पुढे माणसांच्या जाती तोलल्या गेल्या. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी त्याला उत्तर दिलं ते उसाचं: कांडं वाकडं दिसलं म्हणून रस वाकडा होत नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. ज्या वारीच्या वाटेवर निरवांगी आहे ती वाट पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांच्या समाधीपाशीच पोचते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्याच वर्षीची चीमांची ती पेरूची निवड. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. जन्मावरून माणसाची किंमत करणं चूक आहे हे समजायला पेरूची साक्ष लागत नाही. तरी निसर्गाचा दाखला देऊन जो बोलतो, त्याने एकदा तरी कोय लावून पाहायला हवी होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

वंशाचा हिशोब असा ढासळला, तर कर्माचाही ढासळतो का? फळ बीसारखं येतच नसेल, तर फळाची जबाबदारी पेरणाऱ्यावर कशी टाकायची?

याचं सर्वांत चोख उत्तर एका आंबेचोराच्या खटल्यात आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो: पुढच्या जन्मी जन्मतो तो आधीचाच नसेल, तर तो आधीच्या पापातून सुटला की नाही? नागसेन म्हणतात, समज, एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. मालकाने त्याला राजापुढे उभं केलं. चोर म्हणतो, महाराज, याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मी गुन्हेगार नाही. राजा त्याला सोडेल का? मिलिंद म्हणतो, नाही सोडणार. कारण नंतरचे आंबे त्या आधीच्या आंब्यातूनच आले.

नागसेनांनी इथे चोराचा युक्तिवाद खोडलेला नाही. लावलेला आंबा आणि तोडलेला आंबा एक नाहीत, हे त्यांना मान्यच आहे. बौद्ध विचाराची सगळी इमारत त्यावर उभी आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की सारखेपणा नसला तरी धागा आहे, आणि जबाबदारीला धागा पुरतो. कर्मसिद्धान्ताला जे हवं ते यात मिळतं आणि मनुस्मृतीला जे हवं होतं ते मिळत नाही. बाप जसा तसा मुलगा, हे वाक्य पडतं. बापाने केलेल्या कर्जाचा धागा मुलापर्यंत येतो, हे उभं राहतं. सोसायटीचं थकीत कर्ज सात-बाऱ्यावर चढलेल्या घराला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य करताना वेगळाच प्रश्न घेतला. कुणी सुखात जन्मतो, कुणी दुःखात. मग ईश्वर पक्षपाती नाही का? ते म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. भात भात होतं, जव जव होतो, ते बियांच्या आपापल्या सामर्थ्याने. आणि ते कर्माचं बी आधी कुठून आलं, तर बी आणि अंकुर यांची साखळी अनादि आहे.

दृष्टान्त सुरेख आहे, पण तो केरळच्या पावसातला. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. इथलं पाणी आभाळापेक्षा १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यातून येतं, आणि कालव्याचं आवर्तन काही भातावर आणि जवावर सारखं पडत नाही. वरच्यांचा ऊस भिजतो तेव्हा शेपटाकडचा शेतकरी चारीवर रात्र काढत पाळीची वाट पाहत असतो. त्याची कोय करपली तर त्या कोयीचं पूर्वकर्म तपासत बसण्याआधी गेटवर कोण होतं ते विचारावं. शंकराचार्यांच्या तर्कात चूक नाही. त्यांनी गृहीत धरलेला पाऊस मात्र सगळीकडे पडत नाही, आणि माणसाने अडवलेल्या पाण्याचा दोष ना ईश्वराचा ना बियाचा. कर्माच्या चर्चेत ही तिसरी बाजू फार सहज गळते.

बियाबद्दल सर्वांत बारकाईने बोललेत ते योगवाले. पतंजलींनी क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. प्रसुप्त म्हणजे झोपलेला. व्यासभाष्य सांगतं की तो बीजरूपाने पडून असतो आणि निमित्त मिळालं की उठतो. योग्याचे क्लेश मात्र भाजलेल्या बीसारखे होतात. दिसायला बीच, पण रुजणार नाही.

झोपलेलं आणि भाजलेलं यांतला फरक परसात पाहायचा तर आंब्याची कोय उपयोगाची नाही. ती झोपतच नाही. महिन्या-दोन महिन्यांत लावली नाही तर मरते. त्यासाठी थंड मुलखातलं बी हवं. हेझलनट घ्या, जे हल्ली चॉकलेटच्या बरणीतून बारामतीच्या मॉलपर्यंत आलं आहे. याचा हिमालयी भाऊ हिमाचलच्या पांगी खोऱ्यात थांगी या नावाने विकतात. ताजं, न भाजलेलं हेझलनट कुंडीत लावून पाणी घातलं तरी ते ढिम्म हलत नाही. त्याला आधी ओल्या वाळूत, फ्रिजच्या गारठ्यात तीन-चार महिने काढावे लागतात. हिवाळा होऊन गेला असं वाटलं की मग कोंब फुटतो. सुक्या मेव्याच्या दुकानातलं भाजलेलं हेझलनट त्याच वाळूत वर्षभर ठेवलं तरी बुरशीच येणार. हातात घेतले तर दोन्ही गर एकाच घाण्यातले वाटतात. जैन श्रावकाच्या अकरा प्रतिमांतली पाचवी सचित्तत्यागाची, म्हणजे जिवंत, रुजू शकेल असं काही कच्चं न खाण्याची. तिच्या मुळाशी हाच भेद आहे.

निरवांगीत हेझलनटचं झाड होणार नाही, फ्रिजमधून काढून लावलेलं रोपही इथला उन्हाळा काढणार नाही. झालंच तरी आंब्यासारखाच प्रकार: हेझलनटही आपल्या परागावर फळ धरत नाही, त्यामुळे बियाचं झाड आईसारखं येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, जिथे त्या देशाचं जवळजवळ सगळं हेझलनट पिकतं, एका बुरशीने बागाच्या बागा वाळवल्या. तेव्हा तारणारा गुण सापडला तो ‘गॅसअवे’ नावाच्या, फळाला फारशी किंमत नसलेल्या एका झाडात. आमट्याला लोणच्यापुरता राखणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

राहता राहिलं परसातलं ते कोयीचं रोपटं. पाच वर्षांनी त्याचा आंबा आंबट निघाला तर? रोपवाटिकेतला माणूस सांगेल, तोडू नका, पाचर कलम करा. बुंधा छाटायचा, नव्याने फुटलेल्या पेन्सिलीएवढ्या फांदीत उभी चीर द्यायची, केशरची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची, पट्टी घट्ट गुंडाळायची. साधली तर तीन-चार वर्षांत झाडाला केशर लागतो. शंभर-दीडशे रुपयांना मिळणारं केशरचं कलम तरी दुसरं काय असतं? खाली कुठल्या तरी रायवळाच्या कोयीचा खुंट, वर केशर. ज्याला आपण जातिवंत आंबा म्हणतो तो पाणी ओढतो अशा मुळांनी, ज्यांचा बाप कुणाला माहीत नाही.

आणि तो खुंट गप्प बसत नाही. जोडाच्या खालून दर पावसाळ्यात फूट येते, तांबूस, जोमदार. ती वेळीच खुडायची असते. मालक शहरात राहायला गेला आणि दोन वर्षं फिरकला नाही की ती फूट केशरच्या वर जाते, केशर दबतो, आणि एके वर्षी झाडाला भलतेच आंबे लागतात: तंतुमय, छोटे, वासाला शेपूसारखे. मालक म्हणतो, मी लावलं होतं केशर. शेजारी, ज्याच्या बाजूला फांद्या आल्यात आणि ज्याने दोन वर्षं पाणी घातलं, तो म्हणतो, तुझा केशर मेला, हे झाड वेगळं आहे. नागसेनांच्या राजापुढे हा खटला गेला असता तर निकाल सोपा होता. इंदापूरच्या तलाठ्यापुढे गेला, तर तो आधी झाड बांधाच्या कुठल्या अंगाला आहे ते मोजायला लावेल.